साडूंचा प्लाझ्मा घ्यावा का?

प्रश्न : आमचे साडू बदली होऊन बंगळुरूला चालले आहेत. त्यांचा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही ते आम्हाला चार हजारांत देतो म्हणतात. दुकानदार म्हणतो, जुनं लोढणं कशाला, नवा एलईडी घ्या. साडूंचं म्हणणं, असं चित्र एलसीडीवर दिसायचं नाही. खरं कोणाचं? आणि प्लाझ्मा एवढा चांगला, तर बाजारातून गेला कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चित्रापुरतं साडूंचं खरं, खिशापुरतं दुकानदाराचं. दुकानात ‘एलईडी’ म्हणून जो टीव्ही मिळतो तो एलसीडीच असतो, हे आधी लक्षात घ्या. पूर्वी पडद्यामागे बारीक ट्यूबा असायच्या, आता एलईडी दिवे असतात, इतकंच.

प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत निऑन-झेनॉन वायू भरलेला असतो. वीज खेळली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातलं फॉस्फर लाल, हिरवं किंवा निळं उजळतं. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळं दाखवायचं असेल तेव्हा जवळजवळ विझतो. एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. मागच्या दिव्यांचा उजेड खिडकीच्या झडपांसारखा कमी-जास्त सोडतात. झडप पूर्ण मिटत नाही, उजेड थोडा झिरपतोच. रात्री दिवे घालवून सिनेमा लावा, काळं आभाळ करडं दिसेल.

क्रिकेट पाहताना तर फरक चटकन कळतो. प्लाझ्माचा ठिपका क्षणभर चमकून मावळतो. एलसीडीचा पुढचं चित्र येईपर्यंत तसाच तेवत राहतो. सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे आपली नजर धावत असते, आणि थबकलेलं चित्र तिच्यासोबत फरफटतं. चेंडू पुसट दिसतो तो त्यामुळे.

मग गेला कसा? १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या पडद्यासाठी शोधलेलं हे तंत्र माझ्या मते हरलं ते दुकानात. शोरूमच्या लखलखाटात प्लाझ्मा मळकट दिसायचा, वर काचेत समोरचे दिवे चमकायचे. शेजारी रंग भडक करून ठेवलेला एलसीडी असला की गिऱ्हाईक तिकडेच वळायचं. अंधाऱ्या खोलीत तुलना करून टीव्ही कोण घेतो? शिवाय एलसीडीचं तंत्र लॅपटॉप, मॉनिटर, मोबाईल सगळीकडे चालायचं, त्यामुळे तो भराभर स्वस्त होत गेला. प्लाझ्माचे कप्पे फोर-केसाठी आणखी लहान करायचे तर उजेड घटायचा. पायोनियरचा ‘कुरो’ हा जाणकारांचा लाडका प्लाझ्मा, पण त्या कंपनीने २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायचं ठरवलं. पॅनासोनिकने २०१३ अखेर उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने पुढच्या वर्षी.

आता तुमचा सौदा. ४२ इंची जुना प्लाझ्मा साधारण २०० वॉट खातो, नवा तेवढाच एलईडी ७०च्या आसपास. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला वीसेक युनिट जादा. त्याहून मोठी अडचण दुरुस्तीची. नवं पॅनेल मिळणार नाही आणि बोर्ड गेलं तर जुन्या सेटमधून काढलेलं शोधत फिरावं लागेल. तरी मोह होत असेल तर साडूंकडे जाऊन पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, मग पूर्ण करडं. वर कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह किंवा खाली ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीची सावली उमटलेली दिसली, तर सरळ नाही म्हणा. साडूंना राग आला तरी चालेल! तुमच्याकडेही दिवसभर बातम्याच चालू असतील, तर पडदा स्वच्छ असूनही घेऊ नका. तुमच्या पट्टीचा डाग पडेल. रात्री सिनेमे पाहणारं घर असेल तर चार हजार फार नाहीत, फक्त भिंतीवर टांगण्याआधी वजनाचा अंदाज घ्या.

नवाच घेणार असाल तर ‘पॅनेल व्हीए की आयपीएस?’ एवढं विचारा. व्हीएचं काळं जास्त गडद, पण समोर बसूनच बघावं. बाजूच्या दिवाणावरून रंग फिके दिसतात. आयपीएसचं उलट. प्लाझ्मासारखा स्वतः पेटणारा ठिपका हवाच असेल तर तो आज ओएलईडीत मिळतो, पण किंमत भारी आणि डाग पडायची भीती तिथेही आहे. कुठलाही घ्या, दुकानदाराला त्याचा डेमो बंद करून एखादी चालू मॅच लावायला सांगा.