विजेचे दार : चार्जरमधला थायरिस्टर



ऐन गळितात ट्रॅक्टरची बॅटरी बसली की खेप चुकते आणि तोडलेला ऊस फडात वाळतो. म्हणून आपल्या करकंब भागातील सभासदाने चार्जर घेताना त्यातील थायरिस्टर दाब कसा सांभाळतो, हे जाणून घेतलेले बरे.

सिंगल फेजची वीज 230 व्होल्टची. ती सेकंदाला 50 फेऱ्या मारते, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी शून्यावर येते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची, डीसी वीज लागते. डायोड दिशा सांभाळतो, पण दाब कमीजास्त करीत नाही. 1957 साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार झालेला थायरिस्टर दोन्ही कामे करतो.

आपण उसाला दारे धरतो, तसेच हे आहे. समजा, पाटाला ठरावीक वेळाने पाणी येते आणि आटते. दार कधी उघडायचे ते आपल्या हाती. पण एकदा उघडले की ते पाणी आटल्यावरच मिटते. मग दार उशिरा उघडले तर सरीत पाणी कमीच जाणार! थायरिस्टरच्या ‘गेट’ला बारीकसा झटका दिला की वीज वाहू लागते. पुढे गेटचे काही चालत नाही; प्रवाह शून्यावर आला की तो आपोआप बंद होतो. झटक्याला केलेला उशीर म्हणजे फायरिंग कोन. 10 मिलिसेकंदांचे 180 अंश धरतात.

230 व्होल्टवर, शेगडीसारख्या भाराला, दोन्ही अर्धफेऱ्या वापरल्या तर सरासरी डीसी दाब असा मिळतो :

0 अंश – 207 व्होल्ट
60 अंश – 155 व्होल्ट
90 अंश – 104 व्होल्ट
120 अंश – 52 व्होल्ट
180 अंश – शून्य

आता लाईनचा दाब 200 वर उतरला आणि आपल्याला 104 व्होल्टच हवे आहेत, तर काय करायचे? दार लवकर उघडायचे. 90 ऐवजी सुमारे 81 अंशांवर, म्हणजे 5 ऐवजी साडेचार मिलिसेकंदांनी झटका द्यायचा. चांगल्या चार्जरमधील सर्किट हे आपोआप करते.

चार्जरमध्ये आधी ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो. शिवाय बॅटरीचा स्वतःचा दाब असतो. पुरवठा त्याच्या वर चढल्याखेरीज थायरिस्टर वाहत नाही. 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 14.4 व्होल्टपर्यंत भरली की सर्किटने झटका उशिरा द्यायला हवा. तसे झाले नाही तर बॅटरीतले पाणी उडते, प्लेटा खराब होतात आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

तेव्हा चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, बिडी-काडी लांब ठेवावी आणि चिमटे काढण्याआधी बटण बंद करावे. चार्जर घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारा : बॅटरी भरल्यावर हा स्वतः हात आखडता घेतो का?