व्हिनेगरने सफाई : उपयोग करा, पण मिश्रण टाळा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की स्वयंपाकघरातील पांढऱ्या व्हिनेगरची बाटली न्हाणीघरातही दिसू लागते. "खाण्याचीच वस्तू आहे, तिने काय अपाय होणार?" असे अनेक भगिनी विचारतात. व्हिनेगर उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु त्याचे काम कोणते, मर्यादा कोणती आणि ते कशात मिसळू नये, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

व्हिनेगर म्हणजे काय?

बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. बाकी जवळजवळ सारे पाणीच. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा आमसुलाने घासतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आम्लामुळे भांड्यावरचा काळपट थर सुटतो. मात्र स्वस्त पडते म्हणून रसायनांच्या दुकानातून तीव्र ॲसेटिक ॲसिड आणून घरी पातळ करू नये. त्याने कातडी भाजते आणि डोळ्यात थेंब गेल्यास दृष्टीला धोका पोहोचतो.

कोठे वापरावे?

बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षारांचा पांढरा थर बादल्या, नळाच्या तोट्या आणि शॉवरवर बसतो. हा थर मुख्यतः चुन्याच्या जातीचा असल्याने आम्लात विरघळतो. व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडके भिजवावे, ते थरावर अर्धा तास गुंडाळून ठेवावे, नंतर घासून भरपूर पाण्याने धुवावे.

कपड्यांसाठी शेवटच्या खळबळण्याच्या वेळी बादलीभर पाण्यात अर्धा कप व्हिनेगर पुरे. धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. तिचा अंश कपड्यात राहिला तर कपडे कडक होतात आणि नाजूक त्वचेला खाज सुटते. व्हिनेगरने हा अंश कमी होतो. तरीही खरा उपाय म्हणजे पावडर बेताची वापरणे आणि कपडे दोनदा स्वच्छ पाण्यातून काढणे. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना एवढेच पुरेसे आहे.

कोठे वापरू नये?

शहाबादी, कोटा व संगमरवरी फरशी चुनखडीच्या जातीची असते. तिच्यावर व्हिनेगर पडले की चकाकी जाते. काहीजण व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालतात. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांचा गुण मारतात.

व्हिनेगर हे भरवशाचे जंतुनाशक नाही, हेही लक्षात ठेवावे. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल तर संडास व फरशी आधी साबणाच्या पाण्याने धुऊन मग ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानेच निर्जंतुक करावी.

सर्वांत मोठा धोका

आता मुख्य मुद्दा. ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीकडून मिळणारी टी.सी.एल. पावडर किंवा कपड्यांचे क्लोरिनयुक्त ब्लीच यांत व्हिनेगर मिसळले की क्लोरिन हा विषारी वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे हाच वायू शत्रूवर सोडण्यात आला होता. संडास साफ करण्याच्या ॲसिडनेही असाच, किंबहुना अधिक जोराने, वायू निघतो.

असे मिश्रण कोणी मुद्दाम करीत नाही. संडासात ब्लीचिंग पावडर टाकलेली असते, डाग निघत नाही, म्हणून वरून व्हिनेगर किंवा ॲसिड ओतले जाते. ब्लीचमध्ये भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीतही हेच घडू शकते. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आणि बाई खाली वाकून घासत असतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. डोळे चुरचुरतात, घशात आग होते, खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी वाटून धाप लागते. दमेकरी, लहान मुले व वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो.

असे झाल्यास काय करावे?

१) ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. उरलेले काम पुरे करण्यासाठी परत आत जाऊ नये.
२) डोळे वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावेत. अंगावर मिश्रण उडाले असल्यास कपडे काढून अंग धुवावे.
३) खोकला किंवा धाप थांबत नसेल तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून "आता बरे वाटते" म्हणून गाफील राहू नये.
४) मुलाने सफाईचे ॲसिड किंवा ब्लीच गिळल्यास उलटी करवू नये, सोडाही पाजू नये. तोंड धुऊन, बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात न्यावे.

सफाईची द्रव्ये पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नयेत. मूळ बाटलीतच, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

थोडक्यात, एका वेळी एकच द्रव्य वापरावे आणि खिडकी उघडी ठेवावी. दुसरे वापरायचेच असेल तर पहिले भरपूर पाण्याने धुऊन काढून दुसऱ्या दिवशी वापरावे. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनाही हे अवश्य सांगावे, कारण हे काम बहुतेक वेळा त्यांच्याच हाती असते.