अवलेहाची श्यानता : पाकलक्षणे आणि यंत्रमापन

अवलेहाचा पाक सिद्ध झाल्याची लक्षणे शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील आठव्या अध्यायात दिली आहेत : तंतुमत्त्व, पाण्यात टाकल्यास बुडणे, स्थिरत्व, बोटांनी दाबल्यास मुद्रा उमटणे आणि गंध, वर्ण व रस यांची उत्पत्ती. आता अनेक निर्माणशाळांत व्हिस्कोमीटर आला आहे व बॅचच्या नोंदीत श्यानतेचा एक आकडा लिहिला जातो. या एका आकड्याने सर्व लक्षणांची जागा घ्यावी काय, हा प्रश्न आम्हांस आमच्याच एका बिघडलेल्या बॅचमुळे पडला.

आमलकीच्या अवलेहाचा नमुना कढईतून काढून, निववल्याविनाच यंत्राखाली ठेवला गेला. आकडा कमी आला, म्हणून आच चालू ठेवली. पाक करणारा जुना कारागीर मुद्रा उमटल्याचे सांगत होता. आम्ही यंत्राचे ऐकले. दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा शिरेना.

कारण साधे होते. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते. त्याच तापमानास ६० टक्के साखरेच्या द्रावणाची सुमारे ५८, तर ७० टक्क्यांच्या द्रावणाची सुमारे ४८० भरते. म्हणजे पाकाच्या अखेरीस थोडेसे पाणी उडाले तरी घट्टपणा कित्येक पटींनी वाढतो. उलट तेच ६० टक्क्यांचे द्रावण ६० अंशांवर १० सेंटिपॉइजच्या आसपास उतरते. उष्ण नमुन्याचा आकडा म्हणूनच फसवा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहण्याच्या रीतीत नमुना आपोआप निवतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पाणी, साखरेचा पाक आणि बहुतेक मध हे न्यूटनच्या नियमाने वाहतात. हळू ढवळा वा जोराने, श्यानता तीच. (युरोपातील हेदर झुडुपाचा मध याला अपवाद आहे. त्यातील प्रथिनांमुळे तो स्थिर असता गोठल्यासारखा राहतो व ढवळताच पातळ होतो.) अवलेहात मात्र आवळ्याचा गर, त्यातील पेक्टिन व तंतू, चूर्णाचे कण आणि घृत एकत्र असतात. असा पदार्थ ठरावीक जोर लागेपर्यंत मुळीच वाहत नाही, आणि वाहू लागल्यावर वेग वाढेल तसा पातळ होतो. बोटाची मुद्रा टिकते ती पहिल्या गुणामुळे, स्थिरत्वही त्यामुळेच. तंतुमत्त्व हे ताणले जाण्याचे लक्षण आहे, ते फिरत्या स्पिंडलला दिसत नाही. चारही लक्षणे एकाच गोष्टीची चार नावे नव्हेत.

तरीही यंत्र टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. बॅच-बॅचमधील तुलनेस त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. मात्र आकड्याशेजारी तापमान, स्पिंडलचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग आणि नमुना किती वेळ स्थिर ठेवला होता हे लिहिले नसेल, तर तो आकडा निरर्थक होय. किमान दोन वेगांवर मापन करावे. स्पिंडलला घृताचा थर चिकटला तर ते घसरते व वाचन खोटे कमी येते; ते दर वेळी पुसून घ्यावे. मध हा अवलेह निवल्यावरच मिसळावयाचा असल्याने त्यापूर्वीचे व नंतरचे मापन वेगवेगळ्या रकान्यांत असावे.

आमच्या नोंदवहीत आता आणखी एक रकाना आहे : मुद्रा कोणी पाहिली, त्याची सही.