शेजारच्या दातांचं काय?

पुढचा दात गेला की माणसाला आरशात फक्त खिंडार दिसतं. लग्न तोंडावर असेल तर मग विचारूच नका. डॉक्टरांच्या खुर्चीतही बोलणं खिंडाराचंच होतं. शेजारच्या दोन धड दातांची बाजू घेणारं तिथं कुणी नसतं, आणि पुढे निस्तरावं लागतं ते त्यांचंच.

माझा दात गेला बारवी धरणाच्या बाजूला, शेवाळलेल्या खडकावर. पाऊस लागला की बदलापूर-अंबरनाथची पोरं मनाईचे फलक ओलांडून तिकडे जातात, त्यातलेच आम्ही. दात मुळासकट बाहेर आला होता. मित्राने बिचाऱ्याने तो खसाखसा घासून रुमालात बांधून दिला. मुळावरचा जो पातळ पापुद्रा हाडाला पुन्हा धरतो, तो घासण्यात आणि वाळण्यात गेला. शेजारच्या टपरीवर थंड दुधाच्या पिशव्या लटकत होत्या! असा दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरायचा, माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचा, जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासात डॉक्टर गाठायचा. लहान मुलांचे दुधाचे दात मात्र परत बसवायचे नाहीत.

पुढे एका दवाखान्यात ‘फिक्स’ बसवून मिळाला. फिक्स म्हणजे ब्रिज: दोन्ही शेजारी दात चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅप आणि मध्ये खोटा दात. घासलेलं दाताचं कवच पुन्हा कधीच वाढत नाही, हे कुणी सांगितलं नाही. काही वर्षांनी वास येऊ लागला, तेव्हा कळलं की एका कॅपखाली दात कुजलाय.

म्हणून सही करण्याआधी विचारा, ‘शेजारच्या दातांचं काय करणार?’ ते आधीच रूट कॅनल केलेले किंवा मोठं फिलिंग असलेले असतील, तर ब्रिज योग्यच. ते धड असतील आणि दात पुढचा एकच असेल, तर मागच्या बाजूने चिकटवायचा ब्रिजही असतो, त्यात घासणं नावापुरतंच. दात नुसता तुटला असेल, मूळ पक्कं असेल, तर घाईने उपटू देऊ नका. रूट कॅनल करून वर कॅप बसते. इम्प्लांट, म्हणजे हाडात घातलेला स्क्रू आणि त्यावर दात, शेजाऱ्यांना हात लावत नाही. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात घातलेलं टायटॅनियम निघेना, तिथून ही कल्पना निघाली, आणि १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला ते बसवलं. पण स्क्रू हाडात मुरायला काही महिने लागतात. साखर हाताबाहेर असेल किंवा मिश्री-तंबाखू सुटत नसेल, तर खर्च पाण्यात जाण्याचा धोका मोठा. आठवड्यात पक्का दात देतो म्हणणाऱ्याकडे दुसरं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

काढता-घालता दात म्हाताऱ्यांचा, असं म्हणून आपण तो उगाच हिणवतो. खर्च कमी, शेजारी सुरक्षित, आणि उद्या विचार बदलला तरी वाट मोकळी. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायचा, गरम पाण्यात तो वाकडा होतो. बाजारात तारेने बांधून जागच्या जागी चिकटवून देतात तो दात मात्र नको. त्याखाली अन्न अडकून हिरडी सुजते आणि आधाराचे दातही हलू लागतात. जागा वर्षानुवर्षं रिकामीही ठेवू नये. शेजारचे दात तिकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेकडे सरकतो आणि हाड झिजत जातं.

पैशांची ओढ असेल तर बदलापूरहून थेट लोकलने सीएसएमटीला उतरा. सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय. शिकणारी मुलं काम करतात, शिक्षक तपासतात, त्यामुळे खेपा वाढतात. रजेचा हिशेब आधीच करून ठेवा. जुने एक्स-रे घेऊन जा, आणि इम्प्लांट घालून घेतलं असेल तर कंपनीचं नाव नि मापाचा कागद मागून घ्या. पुढे वरचा दात सैल झाला, तर दुसऱ्या डॉक्टरला त्याच मापाचा पाना लागतो.