स्पॅनिश व्हाया इंग्लिश

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर हल्ली एक तरी परकी भाषा शिकणारा सापडतोच. कुणाला पुढे एम.एस.ला जायचंय, कुणाला बायोडेटात एक ओळ वाढवायचीय, तर कुणाला मेस्सीच्या मुलाखती सबटायटल्सशिवाय ऐकायच्यात. हेतू काहीही असो, हा लेख त्यातल्या स्पॅनिशवाल्यांसाठी आहे. जर्मन आणि जपानीवाल्यांनी वाचला तरी हरकत नाही, फी नाही!

आपण स्पॅनिश शिकतो कशी? शिकवणारे इंग्रजीतून शिकवतात, हातातला शब्दकोश स्पॅनिश-इंग्लिश असतो, आणि मोबाईललाही आपण अर्थ विचारतो तो इंग्रजीतच. म्हणजे स्पॅनिश शब्द आधी इंग्रजीत उतरतो आणि मग आपल्या डोक्यात त्याचं मराठी होतं. पनवेलहून पेणला जायचंय आणि आपण दादरची लोकल पकडतोय, असा हा प्रकार. पोचतो आपण, नाही असं नाही. पण वाटेत सामान हरवतं. आणि गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी स्पॅनिश आणि मराठी अगदी शेजारी शेजारी राहतात, इंग्रजी मात्र राहते खाडीपलीकडे.

पहिल्याच धड्यातलं उदाहरण घ्या. 'मे गुस्ता एल मांगो.' शब्दकोश म्हणतो, 'आय लाइक द मँगो'. मग वर्गात प्रश्न येतो की 'मी' कर्ता असताना क्रियापद आंब्याप्रमाणे का चालतं, आणि आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस' का होतं? इंग्रजीतून समजावताना अर्धा तास जातो. मराठीत बघा : मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. संपलं! 'मे' म्हणजे 'मला', कर्ता आंबा, क्रियापद आंब्याच्या मागे. 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे माझं डोकं दुखतंय. इथेही दुखणारं डोकंच आहे, इंग्रजीसारखं आपण ते 'बाळगत' नाही. आणि रिझल्टच्या दिवशीचं वाक्य, 'मे फाल्तान सिंको पुंतोस' : मला पाच मार्क कमी पडतायत. शब्दाला शब्द लावून बघा, जवळजवळ सगळे जागच्या जागी बसतात.

याहून मजेदार म्हणजे अपघाताची वाक्यं. लॅबमध्ये बीकर फुटला. इंग्रजीत सरळ कबुली द्यावी लागते, 'आय ब्रोक द बीकर'. स्पॅनिश माणूस म्हणेल, 'से मे रोम्पियो'. म्हणजे, 'फुटला हो माझ्या हातून!' बीकर आपला आपण फुटला, मी फक्त जवळ होतो. सबमिशनच्या दिवशी आपण सरांना काय सांगतो? 'सर, जर्नल रूमवरच राहिली.' जणू जर्नललाच यायचा कंटाळा आला होता. स्पॅनिश विद्यार्थीही हेच म्हणतो, 'से मे केदो एल क्वादेर्नो एन कासा' : वही घरी राहिली. इंग्रजीत 'आय लेफ्ट इट' म्हटलं की गुन्हा शाबीत.

ही नुसती थट्टा नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन संशोधकांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना काही चित्रफिती दाखवल्या. काहींत माणूस मुद्दाम वस्तू फोडतो, तर काहींत ती चुकून फुटते. मुद्दाम फोडणारा कोण होता, हे दोघांनाही सारखंच आठवलं. चुकून फोडणारा मात्र इंग्रजीवाल्यांना जास्त लक्षात राहिला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे 'से मे रोम्पियो'चं 'आय ब्रोक इट' करताना व्याकरणच तेवढं बदलत नाही, दोष कुणाचा हेही बदलतं. पोलीस जबाबाचं किंवा कारखान्यातल्या अपघाताच्या अहवालाचं भाषांतर करणाऱ्याला हे माहीत नसेल तर एखाद्याची नोकरी जाऊ शकते.

आता शब्दांकडे वळू. काही स्पॅनिश शब्दांपुढे इंग्रजी शब्दकोशात अख्खं वाक्य लिहिलेलं असतं, कारण त्यांच्याकडे तो शब्दच नाही. 'कोन्सुएग्रो' म्हणजे मुलाचा किंवा मुलीचा सासरा, असं लांबलचक काहीतरी दिलेलं असतं. अरे, व्याही! आणि 'कोन्सुएग्रा' म्हणजे विहीण. 'आंतेआयेर'ला इंग्रजीत चार शब्द लागतात, आपल्याला एक : परवा. 'तुतेआर' म्हणजे एखाद्याला 'तू' म्हणून बोलणं, म्हणजेच अरे-तुरे करणं. इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे तिथे कुणी कुणाला अरे-तुरे केलं म्हणून भांडण व्हायची सोय नाही! जेवायला बसलेल्या माणसाला बघून स्पॅनिश लोक 'बुएन प्रोबेचो' म्हणतात. इंग्रजांना यासाठी फ्रेंचांकडे उसनवारी करावी लागली. आपल्याकडे 'सावकाश होऊ द्या' आहे. 'एम्पालागार' म्हणजे गोड खाऊन खाऊन नको होणं. मराठीत तोंडाला मिठी बसते. दिवाळीनंतर हॉस्टेलवर परतलेल्यांना वेगळं सांगायला नको.

माझा आवडता शब्द 'एस्त्रेनार'. नवी वस्तू पहिल्यांदा वापरणं. नवा शर्ट 'एस्त्रेनार' करणं म्हणजे शर्टाची घडी मोडणं. थोडा फरक आहे. आपण घडी मोडतो ती कपड्याची, स्पॅनिशमध्ये गाडी, घर, इतकंच काय सिनेमासुद्धा 'एस्त्रेनार' होतो. पण घडी मोडताना जो आनंद असतो, कोरं कापड, त्याचा वास, आज कुणीतरी विचारणार 'नवीन का रे?', तो इंग्रजी वाक्यात कुठेच नाही.

हे सगळं ठीक आहे, पण अशा चुकीनं बिघडणार काय? फार तर परीक्षेत दोन मार्क जातील, असं कुणी म्हणेल. १९८० सालची अमेरिकेतल्या फ्लोरिडातली गोष्ट सांगतो. विली रामिरेझ नावाचा १८ वर्षांचा मुलगा. घरचे मूळ क्युबाचे. अचानक डोकं भयंकर दुखू लागलं आणि तो बेशुद्ध झाला. दवाखान्यात घरच्यांनी सांगितलं, 'इन्तोक्सिकादो'. डॉक्टरांनी ऐकलं 'इन्टॉक्सिकेटेड'. दुभाषा कुणी नव्हता. त्याची गरजही कुणाला वाटली नाही, शब्द तर सरळ ओळखीचा दिसत होता! मुलानं अमली पदार्थ घेतले आहेत असं धरून उपचार सुरू झाले. खरं म्हणजे त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते लक्षात येईपर्यंत दोनेक दिवस गेले आणि विलीचे हात-पाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर नुकसानभरपाई ठरली.

क्युबाच्या बोलीत 'इन्तोक्सिकादो' म्हणजे खाण्यापिण्यातून काहीतरी झालेला माणूस. काहीतरी खाणं अंगावर आलं असावं, अशी घरच्यांची शंका होती. आता मराठीत हे वाक्य कसं होईल? 'डॉक्टर, पोराला काहीतरी बाधलंय.' बस्स. 'बाधणं' या क्रियापदात नशेचा संशय नाही, आरोप नाही, आणि काय बाधलं ते शोधायला जागा शिल्लक आहे. इंग्रजीत मात्र सारखा दिसणारा शब्द आयता हजर होता, आणि घात त्यानंच केला. अशा दिसायला सारख्या शब्दांपासून जपायला हवं. 'एम्बारासादा' म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर. 'कोन्स्तिपादो'ला सर्दी झालेली असते, त्याला त्रिफळा चूर्ण देऊ नका. 'एक्सितो' म्हणजे यश, बाहेर जायचा दरवाजा नव्हे. 'आक्तुआल' म्हणजे सध्याचा.

आता कुणी म्हणेल, मराठीचा आणि स्पॅनिशचा संबंध काय? स्पॅनिशचा थेट नाही, पण तिची सख्खी बहीण पोर्तुगीज आपल्या रायगड जिल्ह्यात दोन शतकांहून जास्त नांदली. चौल-रेवदंडा भागात पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे गेला. पनवेलहून पेण, अलिबाग करत रेवदंड्याला गेलात की कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लई लागतं. किल्ला बघायला पुष्कळ जण जातात. पण त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक भाषा राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीतले लोक, हजाराच्या आतबाहेर असतील, घरात जी भाषा बोलतात तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी मराठीच्या वळणाची : क्रियापद शेवटी. पोर्तुगीज सत्ता गेली तरी बोली टिकली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. या लोकांनी पोर्तुगीज आणि मराठीची सांगड घातली तेव्हा मध्ये इंग्रजी नव्हती. त्यांचं काही अडलं नाही!

आणि कोर्लईपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या वर्कशॉपमध्येच बघा. दाराची बिजागरी ही पोर्तुगीज 'बिसाग्रा'. स्पॅनिशमध्येही 'बिसाग्रा'च. सिव्हिलवाल्यांचं घमेलं म्हणजे 'गामेला'. साइटवरचा मिस्त्री म्हणजे 'मेस्त्रे', स्पॅनिशमध्ये 'माएस्त्रो'. तिकडे शाळेतले गुरुजी, मोठा संगीतकार आणि बांधकामावरचा कुशल कारागीर, तिघेही माएस्त्रो असतात. चावी म्हणजे 'शाव', आणि स्पॅनिशमध्ये 'याबे'. हा फरकही नियमानं होतो. लॅटिनच्या काही जोडाक्षरांचा पोर्तुगीजमध्ये श-च झाला तिथे स्पॅनिशमध्ये य झाला. पाऊस पोर्तुगीजमध्ये 'शूवा', स्पॅनिशमध्ये 'युबिया'. मूळचे गोव्याचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोशच १९१३ साली काढला. शब्दांची आवड असणाऱ्यानं तो एकदा तरी चाळावा.

अर्थात बहिणी-बहिणी असल्या तरी सगळं सारखं नसतं. स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' म्हणजे जेवण झाल्यावर हात वाळेपर्यंत चालणाऱ्या गप्पा. पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जेवणानंतरचा गोड पदार्थ! आपला 'पगार' तर दोन्हीकडे क्रियापद आहे, 'पैसे देणं'. माद्रिदमध्ये नोकरी लागलीच तर महिनाअखेरीला 'पागार, पागार' करत फिरू नका, लोक समजतील तुम्हीच बिल भरायला निघालात.

मराठीही दर वेळी मदतीला येते असं नाही. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. स्पॅनिशमध्ये पुढच्याला वेगळं, 'पासादो मान्याना'. आणि 'आहे'ला तिथे दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस लिस्तो' म्हणजे हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे. इथे इंग्रजी आणि मराठी दोघीही हात वर करतात. मग आजीकडे, म्हणजे संस्कृतकडे जायचं. 'एस' हा 'अस्ति'चा भाऊबंद आणि 'एस्तार' हा 'स्था' धातूच्या कुळातला. जे मुळात तसंच आहे ते 'सेर', जी स्थिती आहे ते 'एस्तार'. आंबा रंगानं हिरवा असतो तेव्हा 'एस', कच्चा असतो तेव्हा 'एस्ता'. मेलेल्या माणसालाही 'एस्तार'च लावतात. मरण हीसुद्धा स्थितीच, असं समजा आणि व्हायवात तेच सांगा.

म्हणींत तर वेगळीच करमणूक आहे. एखाद्याची फिरकी घ्यायची तर इंग्रज त्याचा पाय ओढतात आणि स्पॅनिश लोक केस धरतात, 'तोमार एल पेलो'. वस्तू फार महाग असली की इंग्रजीत ती हात-पाय मागते, स्पॅनिशमध्ये चेहऱ्यावरचा एक डोळा. आपले डोळे पांढरे होतात, म्हणजे निदान जागेवर तरी राहतात! पण म्हणीला म्हण जोडताना सावध राहावं. कितीही लवकर उठलात तरी पहाट लवकर होत नाही, अशी एक स्पॅनिश म्हण आहे. ऐकल्याबरोबर आपल्याला झाकलेलं कोंबडं आठवतं. पण ती म्हण उतावळ्याला सांगायची असते आणि आपली असते सत्य दडपणाऱ्याला. तांबडं तेवढं दोन्हीकडे फुटतं.

शेवटी खास इंजिनिअर लोकांसाठी आकडे. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी, एकावर बारा शून्यं. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी, एकावर नऊ. टेंडरमध्ये हजारपट फरक! शंभर कोटीला स्पॅनिशमध्ये 'मिल मियोनेस' म्हणतात. आणि स्पेनमध्ये दशांश चिन्ह म्हणून टिंब नाही, स्वल्पविराम देतात. हजार वेगळे दाखवायला बरेच जण टिंब देतात. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखंच, दशांशाला टिंब. त्यामुळे एखाद्या ड्रॉइंगवर '१,५०० मि.मी.' दिसलं तर मशीन सुरू करण्याआधी ते कुठून आलंय ते बघा. दीड हजार मिलिमीटर म्हणजे माणसाच्या खांद्याइतकी उंची, आणि दीड मिलिमीटर म्हणजे एक वॉशर.