बाल्कोचा संप आणि न्यायालयाचा निर्णय

छत्तीसगडमधील कोरबा येथील भारत ॲल्युमिनियम कंपनी, म्हणजेच बाल्को, ही 1965 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. बॉक्साइटच्या खाणींपासून धातुनिर्मितीपर्यंतची कामे ती करीत असे. मार्च 2001 मध्ये केंद्र सरकारने तिचे 51 टक्के भागभांडवल 551.5 कोटी रुपयांस स्टरलाइट कंपनीस विकले. याच उद्योगसमूहाने पुढे 2007 साली सेसा गोवा ताब्यात घेतली, हे गोमंतकीय वाचकांस ठाऊक असेलच.

विक्रीविरुद्ध कामगारांनी 3 मार्चपासून संप पुकारला. तो 67 दिवस चालला. राज्य सरकारचाही विक्रीस विरोध होता. ॲल्युमिनियमच्या भट्ट्या अखंड विजेवर चालतात. वीज दीर्घकाळ बंद राहिल्यास आतील धातू थिजून भट्टीच निकामी होते. त्यामुळे अशा संपात उभय पक्षांचे मोठे नुकसान संभवते.

दरम्यान उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. मालकी बदलताच सरकारी कंपनीचे कर्मचारी म्हणून लाभलेले घटनात्मक संरक्षण संपते, तेव्हा विक्रीपूर्वी आपले म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते, असा कामगारांचा मुद्दा होता. तो बिनबुडाचा खासच नव्हता. तथापि 10 डिसेंबर 2001 रोजी न्यायालयाने तो अमान्य केला. निर्गुंतवणूक ही आर्थिक धोरणाची बाब असून, कायद्याचा भंग झाल्याखेरीज तीत न्यायालय हस्तक्षेप करणार नाही, असा निर्वाळा मिळाला.

कामगारांच्या पदरी उरली ती करारातील अट: एक वर्षपर्यंत कामगारकपात करू नये. ही अट संपापूर्वीच लिहिली गेली होती.