धम्माभ्यास : वीणेची तार आणि विद्यार्थ्याचे मन



आपल्या कित्येक घरांतून विद्यापीठापर्यंत पोहोचलेला मुलगा किंवा मुलगी घराण्यातील पहिलीच असते. 'माझ्या हातून एकही चूक होता कामा नये,' हे ओझे ती मुकाट्याने वाहतात. दोन गुण कमी पडले तर पेपर कमी गेला असे त्यांना वाटत नाही. आपणच कमी आहोत असे वाटते. हा निर्दोषपणाचा अट्टाहास होय.

हे दुःख आपल्यापुरतेच नाही. थॉमस करन व अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील १९८९ ते २०१६ या काळातील ४१,६४१ विद्यार्थ्यांची माहिती तपासली. हा अट्टाहास वाढत गेला होता. त्यातही 'लोकांना माझ्याकडून पूर्णत्वच हवे आहे' ही भावना सर्वांत अधिक वाढली होती.

आता सोण भिक्खूची कथा आठवा. राजगृहाजवळ सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले की तळपाय रक्ताळले. तरीही मुक्ती मिळेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर नीट वाजते काय? आणि फार सैल सोडली तर? प्रयत्न सोड, असे ते म्हणाले नाहीत. तो सम ठेव, असे म्हणाले. पुढे सोण अर्हत झाला.

तार किती ताणली आहे हे कानाला कळते. मन किती ताणले आहे हे सम्यक स्मृतीला कळते. म्हणूनच अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायामाला लागून सम्यक स्मृती येते. 'मी नापास होणार' हा मनात उठलेला विचार आहे, घडलेली गोष्ट नव्हे, असे जाणणे म्हणजे स्मृती. रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. मन भटकले तर त्याला दटावू नका, परत आणा. ध्यानाचीही परीक्षा करू नका.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. वसतिगृहात वा वर्गात जातीवरून अपमान होत असेल, तर तो विद्यार्थ्याच्या मनाचा दोष नव्हे. तेथे संघटितपणे दाद मागितली पाहिजे. आणि मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर केवळ ध्यान सांगू नका. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्या.

मातापित्यांनो, सुटीत मूल घरी आले की गुण नंतर विचारा. आधी विचारा, "बाळा, जेवलास का? झोप लागते का?"

मननासाठी : आपल्या घरात तार कोण ताणतो?